बाराव्या खोलीची पट्टी

मंगळवारी दुपारी फिटर मेला, आणि गुरुवारी सकाळी दादाने बेबीच्या टेबलापाशी उभं राहून विचारलं, "आपल्या बाजूने काही नाही ना?"

बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. सत्तेचाळीस वर्षं झाली, केस निम्मे पिकले, जवळचं आणि लांबचं दोन्ही बघायचा चष्मा लागला, तरी घरात ती बेबीच. भावाबहिणीचं मिळून एक ऑफिस होतं, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि नवीन गिऱ्हाईक दचकायचं. दादा माणसं जोडायचा, गोड बोलायचा, करार करायचा. प्रोग्राम लिहायचे ते बेबीने. तिने लिहिलेल्या प्रोग्रामवर आठ कोल्ड स्टोरेज चालत होती. त्यातल्याच एका ठिकाणी हे झालं होतं.

तिथे सफरचंदं ठेवत. बारा मोठ्या खोल्या, दारं हातभर जाडीची. फळ महिनोन् महिने ताजं राहावं म्हणून या खोल्यांतून ऑक्सिजन काढून घेतात. अशा खोलीत माणूस शिरला तर त्याला काही वास येत नाही, खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. दोन श्वास घेतो आणि पडतो. म्हणून खोली रिकामी करायची तर आधी पंखे लावून बाहेरची हवा आत घालतात, आणि ऑक्सिजन पुरेसा झाल्याचं कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसलं की मगच माणूस आत जातो. तो पडदा म्हणजे बेबीचा प्रोग्राम. बारा खोल्यांच्या बारा चौकटी, चार-चारच्या तीन ओळींत. प्रत्येक चौकटीत वर खोलीचा आकडा, मध्ये तापमान आणि तळाला इशाऱ्याची एक आडवी पट्टी. हवा ठीक असेल तर पट्टी पांढरी. कमी असेल तर लालभडक.

हंगाम संपला होता, बाकीच्या अकरा खोल्या आधीच रिकाम्या होऊन उघड्या होत्या, आणि त्या दिवशी फिटरने खालून फोन केला होता. "काका, बारावी झाली का मोकळी?" कंट्रोल रूममधल्या काकांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झाली, जा." तो पाना घेऊन आत गेला. वीस मिनिटांनी हमाल आले तेव्हा तो पाइपाच्या खाली पालथा पडला होता. पंख्यांचा खटका सकाळीच पडला होता आणि आत हवा गेलीच नव्हती, हे नंतर कळलं.

बेबीने प्रोग्रामची नोंदवही उघडली. प्रोग्राम जे जे करतो ते तारीखवेळेसकट तिथे लिहून ठेवतो. मंगळवारच्या पानावर सकाळपासून दर दहा मिनिटांनी तेच वाक्य होतं, आणि फिटरने फोन केला त्या वेळेलाही तेच: खोली १२, ऑक्सिजन कमी, लाल सूचना पडद्यावर दाखवली.

"दाखवली होती," बेबी म्हणाली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. "अठ्ठावीस वेळा दाखवली होती दादा. त्यांनी बघितलं नाही."

"डुलकी लागली असणार म्हाताऱ्याला," दादा म्हणाला. "हे छापून दे. खाली सही कर."

तिने सही केली. त्या क्षणी तिला आपल्या कामाचं थोडं कौतुकच वाटलं, आणि ते वाटल्याचं ती पुढे कधीच विसरू शकली नाही.

त्या कागदावर काकांना शुक्रवारी घरून उचललं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जेवता जेवता उठवला. तीन दिवस आत ठेवलं. चौथ्या दिवशी मेहुण्याने जामीन भरून सोडवलं, तर ते घरी न जाता थेट दातांच्या दवाखान्याचा जिना चढून वर आले.

बेबी त्यांना ओळखत होती. नऊ वर्षांपूर्वी प्रोग्राम बसवताना तिने काकांनाच शिकवलं होतं. तेव्हा ते पहिल्या बाकावरच्या मुलासारखे वहीत लिहून घेत होते. आता दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"मॅडम, मी झोपलो नव्हतो," ते दारातूनच म्हणाले.

"बसा काका. पाणी घ्या."

"पाणी नको. बाराव्याची पट्टी पांढरी होती. मी बघूनच सांगितलं त्याला. माझ्या पोरापेक्षा लहान होता तो. न बघता सांगीन का मी?"

बेबीला कीव आली आणि थोडा रागही आला. माणूस स्वतःची चूक पत्करत नाही तेव्हा येतो तसा. "काका, नोंद आहे. अठ्ठावीस वेळा लाल दाखवलंय."

"मग माझ्या डोळ्यांना दिसलं नाही ते का?"

"ते मी कसं सांगू?"

"तुम्ही नाही तर कोण सांगणार?" काकांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "एकदा येऊन बघा. माझ्या खुर्चीत बसा आणि बघा. नंतर तुम्ही सांगाल ते मान्य. मी झोपलो होतो म्हणा, मी तसं लिहून देतो."

ती दुसऱ्या दिवशी गेली ती खरं तर त्यांची समजूत पटावी म्हणून.

कंट्रोल रूम पहिल्या मजल्यावर होती. एक टेबल, एक फोन, भिंतीवर चाव्यांची पाटी, आणि खुर्चीवर काकांच्या बायकोने शिवलेली चौकड्यांची गादी. कोपऱ्यात एक रिकामा खोका होता, नव्या कॉम्प्युटरचा.

"हा कधी आला?" बेबीने तिथल्या सुपरवायझरला विचारलं.

"त्या मंगळवारीच. जुना फार रखडायचा. सकाळी आठला पोरं आली, बसवून गेली. तुमचा प्रोग्राम जसाच्या तसा उचलून यात टाकला."

"आम्हाला कळवलं नाहीत."

"त्यात काय कळवायचं, मॅडम? चालू झाला की लगेच."

बेबी काकांच्या गादीवर बसली. प्रोग्राम चालू होता. बारा चौकटी, बारा आकडे, बारा तापमानं. खोल्या आता सगळ्या उघड्या होत्या, त्यामुळे लाल काहीच नव्हतं. तिने आपल्या लॅपटॉपवरून बाराव्या खोलीचा खोटा आकडा पाठवला: ऑक्सिजन दोन टक्के. माणूस मरतो तेवढा.

पडद्यावर काहीही झालं नाही.

तिने पुन्हा पाठवला. मग पहिल्या खोलीला तोच आकडा पाठवला आणि पहिल्या चौकटीच्या तळाला पट्टी भडक लाल झाली. नोंदवहीत दोन्ही नोंदी पडल्या होत्या. खोली १, लाल सूचना पडद्यावर दाखवली. खोली १२, लाल सूचना पडद्यावर दाखवली.

ती पुढे झुकली. नाक पडद्याला लागेल इतकी. खालच्या ओळीतल्या चार चौकटी वरच्यांपेक्षा किंचित बुटक्या होत्या. तापमानाच्या खाली जरा पांढरी जागा आणि मग एकदम प्रोग्रामच्या खिडकीची कड. पट्टी नव्हतीच. पट्टी होती, पण कडेच्या पलीकडे, जिथे कोणालाही दिसणार नाही अशा जागी ती लाल होत होती.

बेबीने माउसने खिडकीची कड धरून खाली ओढायचा प्रयत्न केला. खिडकी हलली नाही. ती हलणार नव्हतीच. तिला तिनेच कुलूप लावलं होतं. नऊ वर्षांपूर्वी रात्रपाळीची माणसं प्रोग्रामची खिडकी एवढीशी करून बाजूला पत्ते खेळत बसायची, म्हणून दादाच्या सांगण्यावरून तिने ती लहानमोठी करायची सोयच काढून टाकली होती.

"काय झालं, मॅडम?" सुपरवायझरने विचारलं.

"जरा पाणी मिळेल का?" ती म्हणाली. त्याला बाहेर घालवायला तेवढंच सुचलं.

तो गेल्यावर तिने लॅपटॉपवर मूळ प्रोग्राम उघडला. नऊ वर्षांपूर्वीची ती ओळ शोधायला तिला एक मिनिटही लागलं नाही. बारा चौकटी मावायला आत जेवढी उंची लागत होती, तेवढीच उंची तिने खिडकीला दिली होती. पण खिडकीला दिलेली उंची म्हणजे कडेपासून कडेपर्यंतची. वरची नावाची पट्टी, जिच्यावर बंद करायची फुली असते, तीही त्यातच मोजली जाते. ती जेवढी जागा खाते तेवढी आतून कमी होते. जुन्या कॉम्प्युटरवर ही वरची पट्टी बारीक होती. तिने तळाची रिकामी जागा खाल्ली आणि कोणाच्या काही लक्षात आलं नाही. नव्या कॉम्प्युटरवर ती दुपटीहून जाड होती. तिने इशारा खाल्ला.

आतल्या भागाचं माप देण्यासाठी वेगळी सोय असते. बेबीला ती तेव्हाही माहीत होती. त्या दिवशी घाई होती, का कंटाळा होता, का आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, तिला आठवेना. तिने खूप आठवून बघितलं. काहीतरी कारण असायला हवं होतं.

सुपरवायझर पाणी घेऊन आला तेव्हा ती लॅपटॉप मिटून जिना उतरत होती. खाली बाराव्या खोलीच्या दाराला दोरी बांधून ठेवली होती.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं, खिडकीही लावली, आणि खालच्या ड्रिलचा आवाज एकदम दबला.

"कोणाला बोललीस?"

"कोणाला नाही."

"नको बोलूस. एक ओळ आहे ना? बदल. नवीन प्रोग्राम बसव. महिन्याच्या महिन्याला करतोच आपण काही ना काही."

"आणि काका?"

"काकांचं वकील बघतील. अगं, चुका काय एक आहेत का तिथे? ऑक्सिजन मोजायचं हातातलं मीटर महिनाभर दुरुस्तीला पडलंय. दाराजवळचा भोंगा मालकाने वर्षभर बंद ठेवलाय. पंख्याचा खटका पडला तो कोणी बघितला नाही. या सगळ्यात आपली बोटभर पट्टी. तीच तेवढी काढून तू लोकांच्या हातात देणार?"

"मी सही केलीय दादा. काकांनी बघितलं नाही, अशी सही केलीय मी."

"'दाखवली' म्हणून केलीस. प्रोग्रामने दाखवली. खोटं कुठाय त्यात?"

बेबी त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस तिला सायकल शिकवताना मागे धावला होता. तिचा नवरा सोडून गेला तेव्हा यानेच दोन पिशव्यांसकट तिला घरी आणलं होतं. तो वाईट नव्हता. तो घाबरला होता. आणि घाबरलेला दादा तिने याआधी कधी बघितला नव्हता.

"बाकीची सात ठिकाणं आहेत," ती म्हणाली. "त्यातलं कोणी कॉम्प्युटर बदलला असेल तर?"

"म्हणून तर म्हणतो, गुपचूप बदल."

"बदलायला चार दिवस जातील. तोवर कोणी आत गेलं तर?"

बेबीने फोन ओढला आणि यादीतला पहिला नंबर लावला. दादाने फोनवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. भावाचा हात असा बाजूला करायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

सातही ठिकाणी तिने एकच वाक्य सांगितलं: आमच्या पडद्यावर विसंबून माणूस आत पाठवू नका, खालच्या ओळीतला इशारा दिसत नसेल. चार जणांनी आभार मानले. दोघांनी शिव्या घातल्या. एक जण म्हणाला, "थांबा हं," आणि फोन तसाच ठेवून धावत गेला. तो बऱ्याच वेळाने परत आला. धाप लागलेली. त्यांनीही दहा दिवसांपूर्वीच कॉम्प्युटर बदलला होता.

"आत माणसं होती का?" बेबीने विचारलं.

"जाणार होती," तो म्हणाला.

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. पंचाहत्तरीतही शेजारणींची पोलकी तिच्याकडेच यायची. दादाने फोन करून आईला आधीच काहीबाही सांगितलं होतं. "ताई वेडी झालीय" वगैरे. म्हणजे तो रागावला होता. एरवी धाकट्या बहिणीला तो असं खोचक ताई म्हणाला नसता.

"काय केलंस गं?" आईने चाक थांबवून विचारलं.

बेबीने सांगितलं. खिडकी, कड, वरची पट्टी. तिला वाटलं, आईला काय कळणार. आईने दातात धरलेला दोरा काढला.

"शिलाईत जाणारं कापड धरलंच नाहीस तू," ती म्हणाली.

"हो."

"आणि माणूस गेला."

"हो आई."

आईने मांडीवरचं कापड हाताने सारखं केलं. "लहानपणी तुला शिकवलं होतं मी. एक बोट जास्त धरायचं म्हणून." मग तिच्या लक्षात आलं असावं की हे आत्ता बोलायचं नव्हतं. ती उठली, तिने बेबीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जेवायला वाढलं. दोघींपैकी कोणीच जेवलं नाही.

चौकशी एका सरकारी इमारतीत होती. लांब टेबल, एका बाजूला चौकशी अधिकारी, दुसऱ्या बाजूला मालकाचे वकील, भिंतीशी बाक. बाकावर काका होते, त्यांच्याकडे पाठ करून थोडी लांब फिटरची बायको. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. मांडीवर नवऱ्याचा डबा असलेली पिशवी होती. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी ती आज परत केली होती.

बेबीने कागद पुढे ठेवला. मंगळवारच्या पडद्याचं चित्र, शेजारी तो पडदा जसा दिसायला हवा होता त्याचं चित्र.

अधिकाऱ्याने दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली. "मागच्या आठवड्यात तुम्हीच लिहून दिलंत की सूचना दाखवली."

"प्रोग्रामने रंगवली, साहेब. दिसली नाही. ती खिडकीत मावतच नव्हती."

"हे तुम्हाला सही करताना माहीत होतं?"

"नाही. मी न बघता सही केली."

मालकाचे वकील पुढे सरसावले. "म्हणजे सगळा दोष यांच्या कंपनीचा, हे यांनी स्वतःच—"

"मीटर कुठे होतं?" अधिकारी त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "त्यावर येऊ आपण. बसा."

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. "किती?"

सगळ्यांनी मागे बघितलं. फिटरची बायको उभी राहिली होती.

"काय विचारायचंय बाई?" अधिकाऱ्याने विचारलं.

"त्या म्हणाल्या ना, मावलं नाही. किती मावलं नाही?"

बेबीला वाटलं, आकडा सांगावा. पण आकड्याचा त्या बाईला काय उपयोग. तिने उजव्या हाताची तर्जनी आडवी धरून दाखवली. "एवढं."

ती बाई त्या बोटाकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. बेबीला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने ती पिशवी सावरून खाली बसली, आणि पुढे चौकशी चालू असताना एकदाही वर बघितलं नाही.

काका सुटले. त्यांच्यावरचा आरोप काढून टाकल्याचं पत्र त्यांना घरपोच मिळालं. मालकावर आणि दादा-बेबीच्या कंपनीवर खटला उभा राहिला. आठपैकी सात गिऱ्हाइकांनी महिन्याभरात दुसरीकडे काम दिलं. राहिला तो फोन ठेवून धावत गेलेला माणूस. पण एकाच्या जिवावर ऑफिस चालत नाही. दादाने टेबलं विकली आणि सासुरवाडीच्या गावी निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला. बेबी दारातच उभी होती, तिच्याकडे न बघता त्याने वाकून चप्पल घातली आणि तो गेला. दर रविवारी तो फोन करतो. फोन आईनेच घ्यायचा, असं न सांगता ठरलंय.

बेबी आता एका छापखान्यात लोकांच्या लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवते. कोणी बघो न बघो, प्रत्येक पान कडेपासून कडेपर्यंत चारदा मोजते आणि मालक वैतागतो. कोर्टाच्या तारखेला रजा टाकते.

एकदा ती काकांकडे गेली होती. जायला हवं असं तिला वाटत होतं. काकांच्या बायकोने दार उघडलं, तिला ओळखलं आणि आत घेतलं. काका खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. दाढी केलेली, बटणं नीट.

"काका, माफी मागायला आले," बेबी म्हणाली.

"तुम्ही येऊन बघितलंत," ते म्हणाले. "तुमच्या जागी दुसरं कोणी आलं नसतं. मला त्याचं काही नाही, मॅडम."

आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. तो वाजत राहिला. काकांनी वर्तमानपत्र घट्ट धरलं. त्यांची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि धावत आत गेली.

"हे घेत नाहीत हल्ली," ती परत आल्यावर हलक्या आवाजात बेबीला म्हणाली. "लेकीचा असला तरी नाही."

"कोणी काही विचारलं तर?" काका वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले. "मी 'जा' म्हटलं होतं. पट्टी दिसली नाही ते खरं. पण 'जा' मीच म्हटलं होतं ना."

चहा आला, तिघांनी घेतला. काकांच्या बायकोने कप उचलले आणि म्हणाली, "अंधार व्हायच्या आत निघा. जिन्यातला दिवा गेलाय." बेबी उठली, चप्पल घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.